पहाऱ्याची शिकवणी

"डॉक्टर, हा डबा फ्रीजवर ठेवायचा नाही, माशांच्या टाकीमागे ठेवायचा नाही, आणि कृपा करून त्याच्यावर विणलेला रुमाल टाकायचा नाही," हर्षदा कोगनोळे म्हणाली.

डॉक्टर इंगवले हसले. कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांचा दातांचा दवाखाना खाली आणि राहतं घर वर होतं. हर्षदानं सकाळपासून दोन्ही मजल्यांवर वायरी ओढल्या होत्या. पेशंटसाठी वेगळं जाळं, एक्स-रेच्या कॉम्प्युटरसाठी वेगळं, घरचं तिसरं. राउटरबरोबर आलेला पासवर्ड तिनं स्वतःच्या हातानं बदलला होता, कारण तो बदलतो म्हणणारी निम्मी माणसं कधीच बदलत नाहीत, हे अठरा वर्षांच्या धंद्यात तिला पाठ झालं होतं. आता राहिला होता पहारा.

"आणि हा पहारा नेमकं करतो काय?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणजे जाहिरातीत सांगतात ते सोडून."

हा प्रश्न हर्षदाला आवडायचा. जुनी फायरवॉल दारावरच्या रखवालदारासारखी होती. कोण आलं, कुठून आलं, यादीत नाव आहे का, एवढंच बघायची. पण चोरांना आवाज बनवता यायला लागले, चेहरे बनवता यायला लागले, आणि घरातला माणूस स्वतःच्या हातानं दार उघडून द्यायला लागला. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आवाज खोटा असेल, चेहरा खोटा असेल, पण घरात बसलेलं शरीर तर खरं आहे ना?

"राउटरच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर आपटून परत येतात," ती सांगू लागली. "वाटेत माणूस आला की बदलतात. माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. श्वास घेताना छाती चार-पाच मिलिमीटर वर येते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून कमी हलते. तेवढ्यानंही परत येणारी लहर बदलते. कॅमेरा नाही, अंगाला काही बांधायचं नाही. डब्याला घरातल्या प्रत्येकाचा श्वास आणि ठोका आपोआप कळतो. आणि डॉक्टर, फसवणूक कसलीही असो, आधी माणसाला घाबरवावं लागतं. घाबरला की श्वास उथळ होतो, ठोके एकसुरी धावतात, अंग जागच्या जागी गोठतं. पहारा त्याचा एक आकडा काढतो. आकडा ठरवलेल्या रेषेवर गेला की दिवा लाल. आत येणारं बंद, बाहेर जाणारं बंद, फोनसुद्धा बंद. घाबरलेल्या माणसाच्या हातून काही होऊच द्यायचं नाही."

आता घरातले फोनही घरच्या जाळ्यातूनच जायचे. मोबाइलच्या टॉवरची आठवण लोकांना फक्त प्रवासात यायची.

"पण शून्य कुठलं धरायचं? मी तर जन्मजात घाबरट आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणून पंधरा दिवस शिकवणी. त्या दिवसांत तुम्ही जसे असाल, तसे असणं म्हणजे शून्य. त्या काळात घरात पाहुणा नको, लग्नकार्य नको, आजारपण नको. रोजचं घर हवं."

"सासूबाई येणार आहेत."

"मग त्या जाईपर्यंत सुरू करायचा नाही."

डॉक्टर पुन्हा हसले, आणि तेवढ्यात हर्षदाच्या खिशातला फोन थरथरला. तिनं पडद्यावर नजर टाकली. मिरजेचं घर. भीती ७१. सर्व संपर्क रोखले. घरात व्यक्ती एक.

मिरजेच्या घरात तिचे वडील एकटे राहत.

भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा, रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये चौतीस वर्षं होते. हर्षदा त्यांची एकुलती एक. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. कोल्हापूरला चला म्हटलं की अण्णा म्हणायचे, मिरजेत मला गाड्यांचे आवाज तरी ऐकू येतात. मग गेल्या पावसाळ्यात त्यांना एक फोन आला. फोनवर हर्षदा रडत होती. मला पकडलंय अण्णा, तुम्ही कॅमेऱ्यासमोरून हलू नका, नाहीतर हे लोक मला सोडणार नाहीत. अण्णा दोन दिवस खुर्चीतून हलले नाहीत. चोरांच्या हाती काही लागलं नाही, कारण तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुजावर काकी या जैनाच्या घरी नेहमीसारखी भाजी द्यायला आल्या आणि अण्णांची अवस्था बघून ओरडल्या. गेलं काहीच नव्हतं. फक्त अण्णांची ताठ मान गेली होती.

खऱ्या हर्षदाला त्या दोन दिवसांत अण्णांना एक फोन करावासा वाटला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे.

म्हणून तिनं घरी पहारा बसवला. सगळ्यात कडक. एका खुणेपाशी ती थोडी थबकली होती: 'घरच्या माणसांचे फोनही रोखायचे का?' तिचाच आवाज वापरून चोरी झाली होती. तिनं 'हो' केलं. अण्णांना समोर बसवून सांगितलं, "दिवा लाल असला की दार उघडायचं नाही, कोणीही असो. माझा आवाज आला तरी खरा समजायचा नाही. तुम्ही शांत झालात की डब्यावरचं बटण उजळेल. ते तुम्ही दाबलंत की मगच हिरवा. दुसरं कुणी हिरवा करू शकत नाही."

हे शेवटचं खोटं होतं. एक बटण तिच्या फोनवरही होतं. पण जे अण्णांना ठाऊकच नाही ते कुणी त्यांच्याकडून काढून घेणार नाही, असा तिचा हिशेब.

अण्णांना हे सगळं लगेच पटलं. "लाल म्हंजे लाल," ते म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

"डॉक्टर, मला निघावं लागेल," हर्षदा म्हणाली, आणि पिशवी तिथंच टाकून जिना उतरली.

कोल्हापूर-मिरज पन्नास किलोमीटर. फोन समोर अडकवून तिनं गाडी काढली. शिरोलीपर्यंत आकडा ७६ झाला. श्वास मिनिटाला अठ्ठावीस. व्यक्ती एक. म्हणजे घरात चोर शिरलेला नाही, फोनवरून कोणीतरी धरलंय, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि तसं असेल तर आता लाइन तुटली आहे. पहाऱ्यानं आपलं काम केलंय. थोड्या वेळात आकडा उतरेल.

तिनं मुजावर काकींना फोन लावून घरी बघून यायला सांगितलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"जाऊन आले गं," काकींचा आवाज चिरकत होता. "दार वाजवलं, हाका मारल्या. आतनं म्हणतात, दिवा लाल हाय, मला उघडता येत न्हाई. म्हटलं, मी जुबेदा हाय अण्णा, चाळीस वर्षांची शेजारीण. तर म्हणाले, माझ्या मुलीनं सांगितलंय."

"बाकी कसा वाटला आवाज?"

"रडल्यागत."

आकडा ८२. हर्षदाचं बोट दोनदा त्या बटणाकडे गेलं. 'मोकळं करा.' शंभर गिऱ्हाइकांना तिनं बजावलं होतं, की स्वतःच्या डोळ्यांनी घर बघितल्याशिवाय हे दाबायचं नाही. चोर टपलेला असतो, फट पडली की शिरतो. घाबरून दाबलेलं बटण म्हणजे चोराला दिलेली किल्ली. ती घाबरलेली होती, म्हणून तिनं दाबलं नाही. आपल्याच शहाणपणाचा तिला त्या क्षणी थोडा आधार वाटला, हे विशेष.

हातकणंगल्याच्या चौकात ट्रॅक्टर आडवा आला होता आणि वाहनं तुंबली होती. हात मोकळे झाले म्हणून तिनं आकड्यामागची नोंद उघडली. कुठल्या नंबरवरून फोन आला होता, तेवढं बघायचं होतं.

फोन आलाच नव्हता.

आज नाही, काल नाही, परवाही नाही. घरात आलेला शेवटचा फोन चार दिवसांपूर्वीचा होता, तीन मिनिटांचा, तिचा स्वतःचा. आज घरातून बाहेर जाऊ पाहणारे फोन मात्र अकरा होते. अकराही तिच्या नंबरवर. पहिला बारा पन्नासला. अण्णांनी फोन उचलला तेव्हा आकडा ६९ होता, नंबर फिरवेपर्यंत ७१ झाला, आणि दिवा लाल. मग दुसरा प्रयत्न, ७४. पाचवा, ७८. आकडा अण्णांना फोन करू देत नव्हता, आणि फोन होत नाही म्हणून आकडा चढत होता. बाहेरचा कोणीही यात नव्हता.

मग त्या पहिल्या फोनआधीच ६९ कसे?

तिनं नोंद मागे सरकवली. काल दुपारी ६६. त्याआधी ६४. संक्रांतीला ६१. डिसेंबरात पन्नास-पंचावन्न. तिला मधूनमधून सूचना येत होत्याच. 'किंचित वाढ.' पहिल्यांदा आली तेव्हा रेषा चाळीसवर होती. यंत्राला नवीन घर आहे, थोडं डोलतं, असं म्हणत तिनं ती पन्नासवर नेली. मग साठवर. मग सत्तरवर. कामात असताना फोन सारखा थरथरला की जीव वैतागतो. गिऱ्हाइकांसाठीही ती हेच करायची. नोंद मागे मागे जात नोव्हेंबरच्या एका सकाळपाशी पोचली, तिथं आकडा एका तासात दोनवरून बावीसवर गेला होता. तारीख तिनं दोनदा वाचली. त्या सकाळी ती दिवाळी संपवून माहेराहून निघाली होती.

मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या तेव्हा तिनं गाडी बाजूला घेतली.

शिकवणीचे पंधरा दिवस तिनं दिवाळीत उरकले होते. वर्षातून एवढीच सलग सुट्टी मिळायची, आणि डब्यावर लक्षही ठेवता येणार होतं. पाहुणा नको म्हणून तिनं केवढा काटेकोरपणा केला होता. पाडव्याला नवरा आला, तर त्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही. जावयाला बाहेर हॉटेलात जेवायला घालून परत पाठवलं, आणि अण्णांनी त्यावरून तिची पुष्कळ थट्टा केली. ती स्वतः मात्र पंधरा दिवस तिथंच होती. सकाळी अण्णांशी वाद घालत चहा करत होती, दुपारी त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकत होती, हसत होती. आपल्याला पाहुणी म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. बापाच्या घरी मुलगी कसली पाहुणी?

डबा बिचारा जे दिसलं ते शिकला. मुलगी घरात असणं म्हणजे शून्य. बाकी सगळी भीती. आणि तो चुकला नव्हता, हेच तिला सोसत नव्हतं. तीन महिने एक माणूस रिकाम्या घरात रोज थोडा थोडा जास्त घाबरत होता, यंत्र ते इमानानं मोजत होतं, आणि ती रेषा वर सरकवत होती.

आकडा ८८.

तिनं बटण दाबलं. 'मोकळं करा.' दिवा हिरवा झाल्याची खूण आली. लगेच फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला गेला.

"अण्णा, मी हर्षदा."

पलीकडे नुसता श्वास.

"अण्णा, घाबरू नका. कोणी काही केलेलं नाही. डबा मी चुकीचा लावला होता. मी येतेय, हातकणंगल्यापर्यंत आलेय."

"आवाज तसाच हाय," अण्णा हळूच म्हणाले. तिला नव्हे, स्वतःलाच. "मागल्या वेळंलाबी असाच हुता."

"अण्णा, ऐका. दिवा हिरवा झाला ना? तो मीच केला. माझ्याकडे बटण आहे."

"तसलं बटण न्हाई," अण्णा म्हणाले. "असतं तर माझ्या पोरीनं मला सांगितलं असतं. मी हात लावला न्हाई आन् दिवा हिरवा झालाय."

फोन बंद झाला. हर्षदाला लहानपणी शंभरदा ऐकलेलं आठवलं. लाल अडकून पडला तर गाडी थांबते, बाकी काही होत नाही. पण कुणी हात न लावता हिरवा होणारा सिग्नल, त्याची अण्णांना केबिनमध्ये चौतीस वर्षं धास्ती होती. तसा दिवा तिनं नुकताच त्यांच्या घरात लावला होता.

पडद्यावर नवी ओळ आली. पहारा संपर्कात नाही. अण्णांनी डब्याची वायर उपटली होती. आकडा गेला, श्वास गेला, व्यक्ती एक हेही गेलं.

जयसिंगपूर कधी मागे पडलं, अंकलीचा पूल कधी ओलांडला, तिला कळलं नाही. इतकी वर्षं ती लोकांना सांगत होती की पहारा असला की घर डोळ्यांपुढे असतं. आता डोळ्यांपुढे रिकामा पडदा होता, आणि त्या घरात काहीही चाललेलं असू शकत होतं. एवढी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. ती मोठ्यानं "अण्णा, अण्णा" म्हणत गाडी चालवत होती.

मुजावर काकी फाटकातच उभ्या होत्या. "मघाशी काहीतरी पडलं बघ आत. तवापासनं आवाज न्हाई."

खिडक्या लावलेल्या होत्या. हर्षदानं दार ठोठावलं. एकदा, दोनदा. मग आतून, अगदी दाराच्या तळाशी, कोणीतरी हललं. अण्णा दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते.

"अण्णा, लागलंय का तुम्हाला?"

"कोण?"

"मी आहे. हर्षदा."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

ती उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसली. दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगू लागली. आई तिला हरणी म्हणायची. सात वर्षांची असताना तिनं केबिनमधला लिव्हर ओढला होता आणि अण्णांना साहेबांचा मेमो मिळाला होता. हनुवटीखालची खूण सायकलवरून पडल्याची. ती एकेक आठवण सांगत गेली.

"ह्ये सगळं दिवाळीत बोललोय आम्ही," अण्णा शेवटी म्हणाले. "त्या डब्याम्होरं बसून. तुमास्नी सगळं म्हाईत असणार."

खरंच होतं ते. पंधरा दिवसांत बापलेकींनी सगळी पोतडी रिकामी केली होती. त्या डब्यासमोर न बोललेलं असं तिच्याजवळ काय उरलं होतं? हर्षदानं कपाळ दाराला टेकवलं. उरलं होतं एकच, आणि ते कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमचा फोन आला की मी कधीकधी मुद्दाम उचलत नाही. उचलला तरी दुसरं काम करत करत बोलते. तीन मिनिटं झाली की ठेवते. मला कंटाळा येतो अण्णा. त्या दोन दिवसांत तुम्ही खुर्चीत बसून होता, तेव्हा मी तुम्हाला एक फोनसुद्धा केला नव्हता. तो केला असता तर सगळं तिथंच संपलं असतं." तिला रडू आवरेना. "हे मी कुणाला बोलले नाही. हे फक्त मलाच माहीत आहे. आता तरी उघडा."

मुजावर काकी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"बघा," अण्णा म्हणाले. आवाज आता शांत होता, आणि तो शांतपणा हर्षदाला अजिबात सोसेना. "आता पटलं मला. माझी हर्षदा असं कधी म्हणणार न्हाई."

तिच्याजवळ आणखी काही नव्हतं. ती तिथंच बसून राहिली. हाक मारायची ताकदही राहिली नव्हती. आत अण्णांचा श्वास ऐकू येत होता, बाहेर तिचा. दाराच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला ती, मध्ये बोटभर जाडीचं लाकूड. स्टेशनात एक गाडी आली आणि निघून गेली.

मग कडी निघाली.

दार उघडून अण्णा दोन पावलं मागं सरकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कपाळाला टेंगूळ आलं होतं. हात जोडल्यासारखे छातीशी धरले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नजर खाली, तिच्या चपलांच्याही पुढे फरशीवर लावलेली.

"अण्णा..."

"कोण का असंना," अण्णा म्हणाले. "काय न्यायचं ते न्या. कपाट उघडंच हाय, मी कुणाला सांगणार न्हाई." त्यांनी हातानं खुर्ची दाखवली, तीच खुर्ची, ज्यात ते दोन दिवस बसले होते. "फकस्त जरा वेळ बसून जावा."

हर्षदा बसली. अण्णा समोरच्या कॉटच्या कडेवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून. त्यांचा श्वास हळूहळू संथ होत चाललेला तिला ऐकू येत होता. पुन्हा आपलं नाव सांगायची तिला भीती वाटली.